बोनेअर: किनाऱ्याच्या आतले कोरडे बेट

बोनेअरला येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांचे तोंड समुद्राकडे आणि पाठ बेटाकडे असते. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या या २८८ चौरस किलोमीटरच्या डच बेटाभोवतीचे पाणी इतके नितळ आहे की, किनाऱ्यापासून थोडेसे आत पोहत गेले तरी खाली प्रवाळ दिसू लागतात. १९७९ पासून बेटाभोवतीचा सगळा समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत सागरी उद्यान म्हणून राखलेला आहे, त्यामुळे जगभरचे पाणबुडे इथे येतात. मात्र हे पाणी इतके नितळ कशामुळे राहिले, याचे उत्तर जमिनीवर शोधावे लागते. बोनेअरवर एकही नदी नाही, आणि नदी नसल्यामुळे समुद्रात गाळ वाहून येत नाही. गाळ नसला की सूर्यप्रकाश खोलवर पोहोचतो आणि त्यावर जगणारे प्रवाळ वाढतात. विमानतळावरून हॉटेलकडे जाताना ज्या काटेरी, रखरखीत जमिनीकडे पाहुणा गाडीच्या खिडकीतून जेमतेम नजर टाकतो, तिनेच त्याच्या आवडीचा समुद्र घडवलेला आहे. म्हणून ही जमीन कोरडी का आहे, त्या कोरडेपणावर कोण कसे जगले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घेणे मला समुद्रात उतरण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

बोनेअरवर वर्षाला साधारण ४५० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. साताऱ्यातील माण किंवा सांगलीतील आटपाडी-जत हा भाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एवढ्या पावसात काय पिकते आणि काय करपते हे वेगळे सांगायला नको. माणदेश कोरडा आहे, कारण पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिकामे होतात. बोनेअरच्या वाऱ्याच्या वाटेत असा डोंगर कुठेच नाही. चारी बाजूंनी उबदार समुद्र आणि वर्षभर पूर्वेकडून येणारे बाष्पाने भरलेले व्यापारी वारे असताना हे बेट कोरडे राहते, याचे नवल वाटणे साहजिक आहे.

पहिले कारण बेटाच्या उंचीत आहे. हवेतल्या बाष्पाचा पाऊस व्हायचा तर हवा वर चढून थंड व्हावी लागते. त्याच कॅरिबियनमधील डॉमिनिका बेटाचे डोंगर १,४०० मीटरहून उंच असल्यामुळे तेच व्यापारी वारे तिथे चढणीला लागतात आणि आतला भाग घनदाट जंगलाने भरलेला राहतो. बोनेअरचे सर्वांत उंच टोक ब्रान्दारिस हे अवघे २४१ मीटरचे आहे, त्यामुळे वारा बेटावरून जवळजवळ न अडखळता निघून जातो.

दुसरे कारण थोडे गुंतागुंतीचे आहे आणि ते बेटाच्या बाहेर, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर घडते. या भागात वारा किनाऱ्याला समांतर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. जमिनीवर घर्षण जास्त असल्यामुळे तिथला वारा मंदावतो आणि खंडाच्या आत, दक्षिणेकडे वळतो, तर समुद्रावरचा वारा तुलनेने सरळ पश्चिमेला धावत राहतो. अशा रीतीने किनाऱ्याजवळची हवा दोन बाजूंना पांगते आणि तिची जागा भरून काढायला वरची हवा खाली उतरते. खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, आणि तापलेल्या हवेत ढग वाढण्याऐवजी विरतात. याच वाऱ्यामुळे आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे समुद्राचे वरचे पाणीही व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि खालचे थंड पाणी वर येते. थंड पाण्यावरची हवा जड असते, ती सहज वर उठत नाही. या दोन्ही गोष्टी मिळून बोनेअर, कुरासाओ, अरुबा आणि समोरच्या व्हेनेझुएलाचा काही किनारा असा एक सलग कोरडा पट्टा तयार होतो. जो काही पाऊस पडतो, तो मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत, अनेकदा थोड्या वेळात कोसळणाऱ्या जोरदार सरींच्या रूपाने येतो. एरवी आकाश मोकळे, ऊन प्रखर आणि वारा अखंड असल्यामुळे जेवढे पाणी पडते, त्याच्या कित्येक पट बाष्पीभवन होण्याची ताकद हवेत असते.

पडलेले पाणीही इथे फारसे टिकत नाही. बेटाच्या मध्य आणि उत्तर भागात क्रेटेशियस काळातले, म्हणजे डायनासोर पृथ्वीवर असतानाचे ज्वालामुखीय खडक आहेत. त्यांच्या उतारांवरून पाणी रोई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोरड्या ओढ्यांत धावते आणि काही तासांत वाहून जाते. त्याभोवती चुनखडकाचे पट्टे आहेत, आणि हा चुनखडक म्हणजे एकेकाळी पाण्याखाली वाढलेले प्रवाळच होत. भूकवच हळूहळू वर उचलले गेले, हिमयुगांबरोबर समुद्राची पातळी खालीवर झाली, आणि जुन्या प्रवाळरांगा एकावर एक पायऱ्यांसारख्या जमिनीवर उभ्या राहिल्या. या खडकावरून चालताना पायाखाली प्रवाळांच्या घरांची नक्षी स्पष्ट ओळखू येते. असा चुनखडक पाणी झटकन आत जिरवून टाकतो. जिरणारे पाणी त्याला आतून विरघळवत राहते, त्यामुळे बेटावर शेकडो गुहा तयार झाल्या आहेत.

या गुहा आणि वर उभे असलेले निवडुंग यांचे नाते समजले की बोनेअरचे रान वाचता येते. इथे कादुशी आणि यातू या नावांचे खांबांसारखे उंच निवडुंग माळावर सर्वत्र दिसतात. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, पण रंध्रे उघडी असताना पाणीही उडून जाते. निवडुंगाने त्यावर तोड काढली आहे. तो रंध्रे रात्री, गारव्यात उघडतो, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो आणि दिवसा रंध्रे मिटून, साठवलेल्या मालावर उन्हाच्या मदतीने अन्न तयार करतो. या उंच निवडुंगांची फुलेही रात्रीच उमलतात, म्हणून परागीभवनाचे काम वटवाघळांकडे येते. लांब नाकाची, मधावर जगणारी ही वटवाघळे दिवसभर गुहांच्या उबेत राहतात आणि अंधार पडल्यावर एका फुलातून दुसऱ्या फुलात तोंड घालत फिरतात. मग निवडुंगाला फळ धरते, आणि ऐन कोरड्या दिवसांत, जेव्हा दुसरे जवळजवळ काहीच पिकलेले नसते, तेव्हा पिवळ्या खांद्यांचा लोरा पोपट, प्रिकिची नावाचा छोटा पोपट, घोरपडीसारखे दिसणारे इग्वाना आणि वटवाघळे स्वतः याच फळांवर निभावतात. गुहेत माणसांची वर्दळ वाढून वटवाघळे उठून गेली, तर त्याचा फटका शेवटी पोपटाच्या चोचीपर्यंत पोहोचतो. म्हणून गुहा पाहायच्या तर माहीतगार वाटाड्याबरोबर आणि परवानगी असलेल्याच ठिकाणी जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

माणसांनी या बेटाकडे कसे पाहिले, हा इतिहासही कोरडेपणाचाच आहे. इथे मूळचे काकेतिओ लोक राहत होते. पूर्व किनाऱ्यावर ओनिमा येथे चुनखडकाच्या कपारींत त्यांनी तांबूस रंगात काढलेल्या आकृत्या अजून दिसतात. १४९९ मध्ये आलोन्सो दे ओहेदाच्या मोहिमेत स्पॅनिश जहाजे इथवर पोहोचली. सोने नाही, शेतीजोगे पाणी नाही, हे लक्षात आल्यावर स्पॅनिश सत्तेने बोनेअर, कुरासाओ आणि अरुबा यांची नोंद चक्क ‘निरुपयोगी बेटे’ अशी केली. जमीन निरुपयोगी ठरली तरी माणसे उपयोगाची होती. १५१५ च्या सुमारास इथल्या काकेतिओंना गुलाम म्हणून उचलून हिस्पॅनिओला बेटावर कामाला नेण्यात आले आणि बोनेअर जवळजवळ ओस पडले. पुढे काही लोक परतले. स्पॅनिशांनी बेटाचा उपयोग गुरे, शेळ्या आणि गाढवे मोकळी सोडण्यासाठी केला. त्या जनावरांचे वंशज आजही बेटावर फिरतात, आणि त्यांच्यामुळे काय घडले हे पुढे येईलच.

जे ऊन आणि जो वारा शेती होऊ देत नव्हता, त्याच दोहोंची डचांना गरज होती. हेरिंग मासा खारवून टिकवणे हा त्यांच्या मोठ्या व्यापाराचा पाया होता आणि स्पेनशी चाललेल्या युद्धामुळे मिठाच्या जुन्या वाटा बंद होत होत्या. १६३४ मध्ये त्यांनी कुरासाओ घेतले आणि १६३६ मध्ये बोनेअर. बेटाचे दक्षिण टोक समुद्रसपाटीला लागून असलेले, जवळजवळ सपाट आहे. तिथल्या उथळ खाजणांत समुद्राचे पाणी झिरपून येई आणि आपोआप सुकून मीठ धरे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना या मिठागरांवर राबवण्यात आले. मिठाचा थर फोडणे, ढीग घालणे, ओझी वाहून होड्यांपर्यंत नेणे हे काम दिवसभर, सावलीचा एक ठिपकाही नसलेल्या मैदानात, पांढऱ्या मिठावरून डोळ्यांत परतणाऱ्या उन्हात चाले. खारे पाणी हातापायांच्या जखमा भरू देत नसे.

त्या काळाच्या खुणा अजून रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत. १८३७ च्या सुमारास बांधलेले, लाल, पांढरा, निळा आणि नारिंगी अशा रंगांनी ओळखले जाणारे उंच दगडी खांब जहाजांना आपला माल कोणत्या मिठागराजवळ भरायचा हे दुरूनच दाखवत. हे रंग डच झेंड्याचे आणि डच राजघराण्याचे आहेत. खांबांपासून थोड्या अंतरावर, समुद्राला अगदी लागून, १८५० च्या सुमारास बांधलेल्या छोट्या दगडी कोठड्यांच्या रांगा आहेत. त्यांचे दार इतके बुटके आहे की आत जायला मोठ्या माणसाला गुडघ्यांवर यावे लागते, आणि आत गेल्यावर ताठ उभे राहता येत नाही. एका कोठडीत कामकऱ्यांनी रात्री फक्त अंग टाकायचे आणि आपले थोडके सामान ठेवायचे, एवढाच तिचा हेतू होता. बायकामुले बेटाच्या दुसऱ्या टोकाला, रिंकॉन गावात असत. आठवड्याचे काम संपल्यावर हे लोक सुमारे सात तास चालत घरी जात आणि पुन्हा तेवढेच चालत कामावर येत. कॅरिबियनमधील डच वसाहतींत गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी संपली. आज या कोठड्या नेटक्या रंगवून ठेवल्या आहेत आणि मागे निळाशार समुद्र असल्यामुळे छायाचित्रात फार सुंदर दिसतात. छायाचित्र जरूर काढावे, पण त्याआधी एकदा वाकून आत जावे आणि काही वेळ तिथे बसावे, असे मला मनापासून वाटते.

मिठागरे आजही चालू आहेत आणि त्यांची पद्धत उरण, पेण किंवा वसईच्या मिठागरांशी परिचित असलेल्यांना लगेच उमगेल. फरक इतकाच की आपल्याकडे पावसाळा आला की काम थांबते, बोनेअरला मात्र ऊन आणि वारा वर्षभर मिळतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पुढे पुढे सोडले जाते आणि प्रत्येक टप्प्यावर आटून दाट होत जाते. प्रथम चुन्याचा अंश तळाशी बसतो, त्यानंतर जिप्सम, आणि पाणी मूळच्या सुमारे एक दशांश इतके आटल्यावर खाण्याचे मीठ स्फटिकरूपाने धरू लागते. शेवटी उरणाऱ्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून ते वेळीच बाजूला काढावे लागते, नाहीतर मीठ कडू होते. दाट पाण्यात फार थोडे जीव तग धरतात, पण जे धरतात ते अफाट वाढतात. त्यांतल्या शैवालांमुळे आणि सूक्ष्मजीवांमुळे तळ्यांना गुलाबी रंग चढतो.

हाच रंग पुढे रोहित पक्ष्यांच्या पिसांत उतरतो. मध्यम खारटपणाच्या तळ्यांत मीठकोळंबी आणि खाऱ्या पाण्यातल्या माशीच्या अळ्या विपुल असतात. त्या शैवाले खातात आणि रोहित पक्षी त्यांना खातो. मिठागरांच्या मधोमध, पेकेलमेर या खाजणात रोहितांसाठी एक राखीव क्षेत्र सोडलेले आहे. ते चिखलाची बुटकी, निमुळती घरटी करतात आणि एका वेळी एकच अंडे घालतात. दचकले तर अख्खी वसाहत घरटी सोडू शकते, म्हणून त्या क्षेत्रात जायला मनाई आहे आणि पक्षी रस्त्यावरून दुर्बिणीनेच पाहायचे असतात. पेकेलमेर, लाक, गोतोमेर, स्लागबाइ आणि क्लाइन बोनेअर या पाच पाणथळ जागा १९८० पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. उद्योग आणि पक्षी एकाच तळ्यावर नांदू शकतात याचे हे चांगले उदाहरण आहे, मात्र ते तळ्यांच्या पाण्याची पातळी आणि खारटपणा किती काळजीने सांभाळला जातो यावर पूर्णपणे टिकून आहे.

रिंकॉनला गेल्याशिवाय बोनेअर कळत नाही. स्पॅनिश काळात वसलेले हे बेटावरचे सर्वांत जुने गाव आहे. चहूबाजूंच्या टेकड्यांमुळे ते समुद्रावरून दिसत नाही, त्यामुळे चाच्यांपासून सुरक्षित राहिले, आणि दरीतली माती जरा खोल असल्यामुळे थोडीफार शेतीही झाली. इथल्या पारंपरिक शेताला कुनुकू म्हणतात आणि त्यातले मुख्य पीक ज्वारी आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेची. कमी पावसात तग धरण्याचा तिचा गुण जसा सोलापूर-माणदेशाने ओळखला, तसाच बोनेअरनेही. वर्षअखेरच्या पावसावर पेरायचे आणि फेब्रुवारी-मार्चकडे कणसे कापायची, असे तिचे वेळापत्रक असते. शेताभोवती यातू निवडुंगाच्या फांद्या एकमेकींना खेटून रोवतात. त्या मुळे धरतात, काही वर्षांत पुरुषभर उंचीची काटेरी भिंत तयार होते आणि शेळी आत शिरू शकत नाही. कापणीला शेजारीपाजारी एकमेकांच्या शेतात राबतात आणि त्याचाच सण म्हणजे सिमादान. त्यात लोक हातात हात गुंफून रांगांनी पुढे-मागे होत वापा नाच करतात आणि ज्वारीच्या पिठाची जाडसर धिरडी, शेळीच्या मटणाचे सूप, भेंडीचे बुळबुळीत सार असे जेवण करतात. कादुशीचे काटे आणि साल काढून तिच्या गराचेही सूप करतात, तेही तसेच बुळबुळीत असते आणि गावात आवडीने खाल्ले जाते. गावाबाहेर मांगासिना दि रेइ हे जुने सरकारी कोठार आहे, जिथून गुलामांना धान्याचा शिधा वाटला जाई. आता तिथे मुलांना जुनी शेती, वाद्ये आणि स्वयंपाक शिकवला जातो.

आज बोनेअरच्या नळाला येणारे पाणी समुद्रातून गोडे केलेले असते. खारे आणि गोडे पाणी यांच्यामध्ये अतिशय बारीक छिद्रांचा पडदा ठेवला, तर निसर्गतः गोडे पाणी खाऱ्याकडे ओढले जाते. ही ओढ उलटवण्यासाठी खाऱ्या बाजूने हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाब द्यावा लागतो, तेव्हा पाणी पडद्यातून पलीकडे जाते आणि क्षार मागे राहतात. याला भरपूर वीज लागते आणि विजेसाठी इंधन बाहेरून आणावे लागते. म्हणून ईशान्येच्या मोरोतिन किनाऱ्यावर पवनचक्क्या उभारल्या आहेत. ढग न थांबवणारा तोच वारा आता पाणी गोडे करायला हातभार लावतो. पाहुण्याने आंघोळीला किती पाणी वापरावे, हा इथे केवळ शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही.

बेटाच्या वायव्येचा जवळजवळ पाचवा हिस्सा वॉशिंग्टन-स्लागबाइ राष्ट्रीय उद्यानाने व्यापलेला आहे. हे पूर्वीचे दोन मोठे मळे होते, जिथे कोळसा पाडला जाई, कातडी कमावण्यासाठी दिवी-दिवीच्या शेंगा गोळा होत आणि शेळ्या पाळल्या जात. वॉशिंग्टनचा भाग १९६९ मध्ये उद्यान म्हणून खुला झाला, स्लागबाइ १९७९ मध्ये जोडला गेला. आतला मोठा मार्ग ३४ किलोमीटरचा, कच्चा आणि एकेरी आहे. जोराचा पाऊस झाला की तो बंद होतो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि पिण्याचे पाणी भरपूर बरोबर घ्यावे. घाईत असलेले लोक थेट खाडीवर पोहायला जातात. माझ्या मते पोस मांगेल या छोट्या पाणवठ्यापाशी सकाळी अर्धा तास शांत बसणे अधिक मोलाचे आहे, कारण कोरड्या रानातले पक्षी स्वतःहून तिथे येतात. वाटेत दिवी-दिवीची झाडे दिसतात, ज्यांचे शेंडे वाऱ्याच्या रेट्याने सगळे पश्चिमेकडेच झुकलेले असतात.

आता शेळ्यांविषयी. बोनेअरच्या घराघरांत शेळी ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिल्लक आहे, आणि तिच्याकडे केवळ उपद्रव म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. पण हजारो शेळ्या आणि गाढवे मोकाट चरतात, तेव्हा नवे रोप मोठेच होत नाही. जुनी झाडे मरतात, त्यांच्या जागी काटेरी आणि बेचव झुडपे तेवढी उरतात, आणि मधली माती उघडी पडते. मग नोव्हेंबरातली एखादी मोठी सर ही माती रोईंमधून थेट समुद्रात नेते. मुळात नदी नसल्यामुळे स्वच्छ राहिलेल्या प्रवाळांवर गाळाचा थर बसू लागतो. पूर्वेच्या लाक उपसागरात याचा परिणाम सर्वांत ठळक आहे. तिथल्या खारफुटीत माती साचून आतले प्रवाह बुजले, पाणी अडून तापले व अतिखारट झाले, आणि आतल्या बाजूची झाडे वाळली.

यावर उपाय चालू आहेत. एको नावाची संस्था मूळच्या झाडांची रोपे तयार करून कुंपणाच्या आत लावते, उद्यानातून मोकाट शेळ्या कमी केल्या जात आहेत, ओढ्यांवर छोटे बांध आहेत. समोरच्या निर्मनुष्य क्लाइन बोनेअर बेटावरून शेळ्या हटवल्यावर तिथे हिरवळ हळूहळू परतते आहे. लाकमध्ये स्वयंसेवक बुजलेले प्रवाह हातांनी उपसून मोकळे करतात, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी पुन्हा मुळांपर्यंत पोहोचेल. तिथे वाटाड्याबरोबर छोट्या होडीतून खारफुटीच्या बोगद्यांत जाता येते, आणि मोकळ्या केलेल्या प्रवाहाच्या कडेची हिरवी झाडे व त्यामागे वाळून उभी असलेली जुनी खोडे एकाच नजरेत दिसतात.